शेजारच्या पेशी आणि माझी तक्रार

आदरणीय अध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर, सहकारी, विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आणि पहिल्या रांगेत बसलेले ताईंचे यजमान व कन्या,

ताईंनी आमच्या प्रयोगशाळेत बत्तीस वर्षं चेतापेशी वाढवल्या. आज त्या निवृत्त होताहेत. त्यांच्याविषयी चार शब्द बोलावेत, असं मला सांगण्यात आलंय. पण त्याआधी बारा वर्षं राहून गेलेलं काही बोलायचंय.

तेव्हा एका प्रयोगासाठी मला निव्वळ चेतापेशी हव्या होत्या. भोवतालच्या आधारपेशी मी काढून टाकायला लावल्या, पोषकद्रवही अगदी साधा ठेवला. थोड्याच दिवसांत चेतापेशी गप्प झाल्या. जिवंत होत्या, पण एकमेकींना संदेश देईनात. संदेश नेणारं रसायन, ग्लुटामेट, आटत चाललं होतं.

ताई म्हणाल्या, "सर, शेजारच्या पेशी काढल्यापासूनच हे सुरू झालंय. यांना कच्चा माल तिकडून येत असेल का?"

मी काय उत्तर दिलं असेल? "ताई, तुम्ही बश्या स्वच्छ ठेवा. विचार करायला मी आहे." तेही विद्यार्थ्यांसमोर.

वर लेखी तक्रार केली, की ताईंच्या हलगर्जीपणामुळे पेशी बिघडल्या. त्यांची भांडारात बदली झाली.

तीन आठवड्यांनी मी वर्गात नेहमीचा धडा शिकवत होतो. चेतापेशीने सोडलेलं ग्लुटामेट आधारपेशी उचलते, त्याचं ग्लुटामिन करून परत देते, त्यातून चेतापेशी पुन्हा ग्लुटामेट बनवते. फळ्यावर बाण काढताना हात थांबला. ताई हेच तर म्हणाल्या होत्या, आणि मी ते वर्षानुवर्षं शिकवत होतो.

त्याच दुपारी गुपचूप पोषकद्रवात ग्लुटामिन घातलं. पेशी पुन्हा बोलू लागल्या. माझं कौतुक झालं. तक्रार फाइलीतच राहिली. भांडारावरून जावं लागू नये म्हणून मी मागच्या जिन्याने ये-जा करायचो.

दोन वर्षांनी ताई परतल्या. पहिल्याच दिवशी विचारलं, "सर, पेशी बऱ्या आहेत ना?" मी "हो" म्हणालो. तेवढंच.

आज सकाळी तक्रार मागे घेत असल्याचं पत्र संचालकांना दिलं, प्रत ताईंना दिली. त्यांनी वाचून घडी घातली. म्हणाल्या, "हे माझ्या मुलीला सांगा, सर. शाळेत होती तेव्हा. विचारायची, आई, तू काय बिघडवलंस?"

बाळ, तुझ्या आईने काहीच बिघडवलं नव्हतं. बिघडवलं ते मी.

संयोजकांचे आभार. बोलणं लांबलं, ते आपण पोटात घालाल. बाकीच्याची माफी ताईंकडे मागायलाही आज माझी मान वर होत नाही.