भूकंपात उभा राहिलेला धक्का

भिगवण स्टेशनवर पुण्याच्या गाडीची वाट बघणाऱ्या माधवीशेजारी एक तरुण इंजिनियर आणि तिची आत्या बसल्या होत्या. माधवी नुसती मोबाईलकडं बघत होती. कान त्यांच्याकडंच होते.

"करुणा, काल तिकडं बंदरावर भूकंप झाला, त्यात तुजा काय दोष गं?"

"आत्या, बंदराची जमीन किती हादरंल, ते मीच काढून दिलं हुतं. त्यावरच तर बोटी लागायचा धक्का बांधला."

"मग चुकलं का काय?"

"साहेब म्हनत हुते, खाली कातळच हाय असं धरून हिशेब कर, खर्च वाचंल. मी म्हनलं, धक्का गाळाच्या भरावावर हाय. खालचा कातळ जरा हलला, तरी वरचा मऊ गाळ लय हलतो. खांब कातळात रोवा."

"ऐकलं त्यांनी?"

"मी भांडले, तवा ऐकलं. आता पाणबुडे खांब बघाया उतरल्यात."

"फोन वाजतोय बघ!"

"हॅलो... हो सर... एकही तडा नाही? क्रेनसुद्धा जागेवर? आणि जमीन किती हादरली?... सर, म्हणजे मी काढलं होतं तेवढंच!"

"आगं, रडतीस का?"

"आत्या, धक्का उभा हाय!"

"मग हस की! लाव तुज्या अप्पाला फोन, मी सांगते. अन् वो ताई, तुमी ऐकलं का, आमच्या पोरीनं काय केलं?"

"व्हय, पहिल्यापासनं ऐकलं," माधवी म्हणाली.

"ऐकलं असलं तरी परत ऐका. सरका हिकडं!"