टाकीले आला बहार

—नाई नाई भाऊ, मासे नाई पायजे मले. मले फक्त इचाराचं हाये. समजा एखाद्याच्या घरी खाऱ्या पान्याची टाकी हाये — समुद्रावानी, खाली पांढरी रेती, वर कोरल — तं त्या रेतीतून सडक्या अंड्याचा वास काऊन येते? माया घरी नाई हो! आमच्या वरूडले शेजारी हाये, देवराव, त्याची टाकी. त्यानं म्हटलं, खुशालराव, तुमी अमरावतीले चाललेच हा तं टाकी जिथून घेतली त्या माशाच्या दुकानात इचारून या. फोटो बी आनले म्या, हे पाहा — हे रेती, हे कोरल, हे वर काळी डब्बी, पान्याची गरमी पायते म्हने — अन् हे मांगं आमची सैपाकवाली आशाबाई, पोळ्या लाटून राहिली... आता ते देवरावच्या घरी कायले पोळ्या लाटन? बरं, जाऊ द्या. माहीच टाकी हाये.

माही म्हंजे पोरीची, रागिणीची. दिवाळीनंतर पुन्याले नोकरी लागली तिले, अन् टाकी माया भरवशावर ठेवून गेली. चुलतभाऊ म्हने मी पायतो, तं म्हने नाई, बाबाच पायतीन. काचेवर कागद चिकटवला — रोज पानी उडते तेवढं गोडं पानी टाका, अन् रेतीले हात लावू नका. बस, दोन गोष्टी. बारावीपासून जपली तिनं ते टाकी. अन् या इतवारी येऊन राहिली ते. इतवारच्या आत मले टाकी पयल्यासारखी पायजे, भाऊ. पोरीचा भरवसा गेला तं मंग काय राह्यलं?

काय केलं म्हंजे? काईच नाई केलं. आता तुमीच सांगा, रेती वरतून अशी टणक झालेली, मुळाले हवा कशी भेटन? तीस वर्षं झाले मी संत्र्याची बाग करतो, मले डोळ्यानं दिसते ना. म्या बारीक खुरपं घेतलं अन् एक डवरणी मारली. हलक्या हातानं! दोनदा. तीनदा मारली असन. तं खालून काळीकुट्ट रेती निंघाली, अन् वास असा का आशाबाई पदर नाकाले लावून अंगनात. म्या म्हटलं, काळी जमीन म्हंजे कसदार जमीन. खुशच झालो मी.

पानी? पानी बंद केलं होतं ना. डोळे मोठे करून काय पाहून राहिले असे? ताण देला! संत्र्याले नाई का देत — महिना-दीड महिना पानी तोडाचं, झाड तहानेलं ठेवाचं, मंग पानी सोडलं का भसाभस बहार फुटते. आता टाकीतले झाडं बी तेच वानाचे. ते जांभळं-हिरवं किती दिवस पाहाचं मानसानं? म्या तीन हप्ते गोडं पानी टाकलंच नाई, टाकीतलं पानी वितभर उतरलं. अन् बाप्पा! फुललं ना सारं! पांढरं शुभ्र! एका सकाळी उठून पायतो तं संत्र्याच्या बागीवानी पांढरं. मी शेजारच्या शेषरावच्या घरी साखर देऊन आलो, म्हटलं आमच्या टाकीले बहार आला.

...मरून राहिले? पांढरं म्हंजे मरून राहिले? अन् पानी उतरलं तं मीठ जास्त झालं?

अन् झाड नाई, जनावर हाये? हो, ते रागिणीनं बी सांगतलं होतं फोनवर. मले तवा पटलं नाई, पन मनात राह्यलं. म्हटलं जनावर असन तं उपाशी असन बिचारं. म्हनून परवा थोडीशी... थोडीशीच... सरकीची ढेप टाकली. भिजवून टाकली हो! आमची म्हैस आवडीनं खाते.

आता उपाय सांगा, भाऊ. ताण देल्या झाडावानी नका बसू. रागिणी रोज इचारते, बाबा टाकी बरी हाये ना, अन् मी म्हंतो, झकास.

हे काय? टाकीच्या सामानाची पिशवी आधीच भरलेली? खुशालराव वरूड, असं नाव बी लिवलं हाये. मी तं आत्ता नाव सांगतलं तुमाले. कोनी सांगतलं भरून ठेवाले? ...रागिणीनं? परवा फोन केला तिनं? तिले पुन्यात बसून काय मालूम—

त्या डब्बीत क्यामेरा हाये?

म्हंजे ते खुरपं बी पाह्यलं तिनं. ढेप बी. अन् कवाचंच मालूम हाये तिले... थांबा, भाऊ. त्या डब्बीत आवाज बी येते का? नाई, तसं काई नाई. सकाळी चहा घेऊन मी तिथं बसतो ना. आशाबाईसमोर असं बोलता नाई येत मानसाले. त्या कोरलासंग आपलं काहीबाही... तुये दिवस तरी बरे, म्हटलं, तुले जेवतानी समोरची रागिणीची रिकामी खुर्ची दिसत नाई... तसलं.

येते आवाज.

म्हंजे रागिणी इतवारी टाकी पाहाले नाई येऊन राहिली.

द्या ते पिशवी इकडं. अन् हे पाहा, तिचा फोन आला तं सांगजा — खुशालराव आलेच नाई म्हना दुकानात, डब्बीचं त्यायले काईच मालूम नाई.