कै. वहिनी यांच्या हातची

वहिनी : वाचा भावोजी. चष्मा लावून, सावकाश. मला घाई नाही. गेलेल्या माणसाला कसली घाई.

भावोजी : आधी बसा तरी. तब्बल दीड वर्षानं दुकानात पाऊल टाकलंत. दादा होता तेव्हा दोघं मिळून यायचात. पाणी घ्या.

वहिनी : पाणी नंतर. लेबल वाचा.

भावोजी : "कै. वहिनी यांच्या हातची पिशवी. संपूर्ण भरतकाम सुईनं, एकेक टाका हाताचा." त्यात वावगं काय आहे? टाके तुमचेच आहेत.

वहिनी : पहिलं अक्षर परत वाचा.

भावोजी : कै.

वहिनी : त्याचा अर्थ काय होतो?

भावोजी : तसं बघायला गेलं तर एखाद्या अक्षराचे पुष्कळ अर्थ...

वहिनी : एकच होतो. काल हाडाच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसले होते. शेजारी एक बाई, मांडीवर माझी पिशवी. मी आपलं सहज म्हटलं, छान आहे हो. तर ती डोळ्यांना पदर लावून म्हणाली, जिनं केली ती बिचारी आता नाही. अंथरुणावर पडल्या पडल्या शेवटची सोळा फुलं भरली म्हणे. मी त्या बाईची समजूत काढली भावोजी. माझ्याच मरणाबद्दल. आत नंबर लागेपर्यंत तिच्या पाठीवरून हात फिरवत होते.

भावोजी : सोळा नाही, मी बाराच सांगितली होती. गिऱ्हाइकं घरी जाऊन वाढवून सांगतात, त्याला मी काय करणार.

वहिनी : कधीपासून आहे मी अशी?

भावोजी : मागच्या उन्हाळ्यापासून. पण ती माझी चूक नाही. म्हणजे सुरुवात माझी नाही. आधीच्या लेबलांवर "सौ. वहिनी" होतं की नाही? दादा गेला, पुढच्या महिन्यात लेबलं संपली. मी छापखान्यात फोन केला. म्हटलं, तीच द्या, फक्त सौ. काढा. तो म्हणाला, का हो? मी म्हटलं, घरात वाईट झालं. पुढे बोलवेना म्हणून फोन ठेवला. आता त्या भल्या माणसानं सौ. काढलं आणि जागा मोकळी दिसते म्हणून आपल्या डोक्यानं कै. बसवलं. पाचशे लेबलं. वर दुःखात सहभागी म्हणून पन्नास जास्तीची.

वहिनी : श्रीमती छापा, एवढं सांगायचं होतं.

भावोजी : तुमच्या नावामागे ते लावायला माझी जीभ वळेना.

वहिनी : आणि कै. लावायला वळली.

भावोजी : ते मी उच्चारलं कुठे? ते छापूनच आलं. गठ्ठा रद्दीत टाकणार होतो, आईशप्पत. तेवढ्यात एक बाई आली, पिशवीशेजारचं लेबल वाचलं, गप्प झाली आणि तीन पिशव्या घेऊन गेली. एका शब्दानं घासाघीस नाही. कैलासवासी माणसाशी कोण घासाघीस करणार, तुम्हीच सांगा.

वहिनी : मला काय सांगायचंय ते ऐकाल का आता?

भावोजी : लेबलं काढतो. आज काढतो.

वहिनी : लेबलांचं नंतर बघू. मला थांबायचंय. उजव्या अंगठ्याचा सांधा झिजलाय. सुई सोडा म्हणाले डॉक्टर. मी हे गेल्या वर्षी बोलले, मग फोनवर बोलले, मग तुमच्या माणसाबरोबर निरोप धाडला. दर वेळी उत्तर म्हणून वीस पिशव्यांचं कापड आलं.

भावोजी : डॉक्टर सगळ्यांना काहीतरी सोडायलाच सांगतात. माझ्या ओळखीत एक गवंडी होता. दोन्ही हात प्लास्टरमध्ये. घरमालक म्हणाला, राहू दे. हा म्हणाला, छे. पायांनी भिंत बांधली त्यानं. ओळंबा दातात धरून. ती भिंत अजून उभी आहे, शेजारच्या दोन पडल्या.

वहिनी : मग त्याच्याकडून भरून घ्या पिशव्या.

भावोजी : तुम्ही थट्टा करताय, म्हणजे राग गेला.

वहिनी : राग यायला अंगात जोर लागतो भावोजी.

(दार उघडल्याची घंटी वाजते. हातात चार थैल्या घेतलेली एक बाई आत येते.)

गिऱ्हाईक : काका, इथे हातानं केलेलं मिळतं ना? म्हणजे खरंच हातानं?

भावोजी : इथे हाताशिवाय कशाला प्रवेशच नाही. या, बसा. दमलेल्या दिसताय.

गिऱ्हाईक : सकाळपासून हे नववं दुकान. ड्रेस झाला, चपला झाल्या, कानातली घेतली, परत दिली, परत घेतली. वीस वर्षांनी मैत्रिणी भेटणार आहेत संध्याकाळी. सगळ्या कशा टापटीप येतील मला माहितीय. आणि प्रत्येक दुकानात तेच. तीच साखळीची पर्स, तोच रंग, "मॅडम, हेच चाललंय." आता मला आरशात बघायचाही कंटाळा आलाय. काहीतरी वेगळं दाखवा, नाहीतर मी जुनीच घेऊन जाते.

भावोजी : हा स्कार्फ बघा. ज्यानं रंगवला त्याला तांबडा आणि हिरवा यातलं काही कळत नाही. बायको कानात सांगायची, मग तो बुडवायचा. मध्यंतरी दोघांचं भांडण झालं, आठ दिवस अबोला. त्या आठ दिवसांतला हा माल.

गिऱ्हाईक : नको. भांडणं घरची पुरेत.

भावोजी : मग ही कानातली घ्या. करणारा स्टेशनवर गाडीची वाट बघत बसला होता. गाडीला अकरा दिवस उशीर झाला. वेळ घालवायला म्हणून पितळेची तार वळत बसला.

गिऱ्हाईक : जड आहेत हो.

वहिनी : अकरा दिवसांची आहेत. जड लागणारच.

गिऱ्हाईक : तुम्ही पण खरेदीला आलात का, मावशी?

वहिनी : मी परत करायला आले होते.

गिऱ्हाईक : घेतात का परत?

वहिनी : तेच चाललंय.

भावोजी : बाई, तुम्ही इकडे बघा. ही खांद्यावरची पिशवी. बघा म्हणजे हातात घेऊन बघा.

गिऱ्हाईक : अरे वा. ही छान आहे. ही खरंच... थांबा, उजेडात नेते. किती बारीक टाका आहे. कोणी केली... अरेरे. "कै." गेल्या का त्या?

भावोजी : माझी वहिनी. थोरल्या भावाची बायको. काय सांगू तुम्हाला.

वहिनी : काही सांगू नका.

गिऱ्हाईक : आणि या मावशी?

भावोजी : या? या तिची बहीण. सख्खी.

वहिनी : जुळी.

गिऱ्हाईक : बाई गं. मग तुमच्यासमोर बोलायला नको होतं मी.

वहिनी : बोला. मला सवय होतेय.

गिऱ्हाईक : ही एक पाकळी निळी कशी? बाकी सगळं फूल तर तांबडं आहे.

भावोजी : त्याची एक कथाच आहे. वहिनीनं माझ्या भावाला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याच्या अंगात निळा सदरा होता. ती म्हणाली, माझ्या प्रत्येक फुलात तुमची एक पाकळी राहील. लग्नानंतर नाही हो, बोलणी चालू असताना. घरचे सगळे समोर बसलेले.

वहिनी : तांबडा दोरा संपला होता. दुकान लांब, वर ऊन. होता तो निळा ओवला.

गिऱ्हाईक : काका, मावशींचं जास्त खरं वाटतंय.

भावोजी : दोन्ही खरं असू शकतं.

वहिनी : सदरा खाकी होता.

गिऱ्हाईक : कशा होत्या हो त्या, मावशी? म्हणजे लेबलावर नुसतं नाव असतं. एवढं काम ज्या हातांनी केलं, ते माणूस कसं होतं ते कुठे कळतं.

वहिनी : दमलेली होती.

भावोजी : बाई, अस्तर बघा आतून. दुहेरी आहे.

गिऱ्हाईक : थांबा काका. दमलेली म्हणजे? आजारी होत्या का?

वहिनी : आजारी नव्हती. सकाळी घरचं उरकायची आणि खिडकीपाशी खुर्ची टाकून बसायची. ऊन सरकलं की खुर्ची सरकवायची. संध्याकाळपर्यंत खोलीच्या या टोकाची त्या टोकाला पोचायची. तेवढाच तिचा प्रवास. लोक म्हणायचे, काय आवड आहे हो हिला. होती आवड, नाही असं नाही. पहिल्या शंभर पिशव्यांपर्यंत चांगली होती. पुढे हात आपले चालायचे, आणि ती कुठेतरी दुसरीकडे असायची. कुठे ते तिलाही सांगता आलं नसतं.

गिऱ्हाईक : मग बोलल्या का नाहीत कोणाला?

वहिनी : बोलायची. समोरचा माणूस गोष्ट सांगायला लागायचा.

गिऱ्हाईक : माझी सासू शिवायची. पडदे, अभ्रे, मुलांची झबली. दिवसभर मशीन चालू. मी त्या आवाजाला वैतागायचे, पण दमलात का असं एकदाही विचारलं नाही. आता तुम्ही बोललात म्हणून आठवलं.

वहिनी : आहेत का त्या?

गिऱ्हाईक : आहेत. परवाच दोरा हवाय म्हणत होत्या.

वहिनी : मग आज जाऊन विचारा.

गिऱ्हाईक : विचारते. काका, ही पिशवी द्या. एक सांगा पण, अशी अजून आहे का कुठे? संध्याकाळी दुसऱ्या कोणाच्या खांद्यावर दिसली तर माझी नऊ दुकानं फुकट जातील.

भावोजी : त्याचं असं आहे...

वहिनी : नाही. ही शेवटची.

गिऱ्हाईक : नक्की?

वहिनी : नक्की. यापुढे होणार नाही.

भावोजी : त्या म्हणतात म्हणजे नक्कीच.

गिऱ्हाईक : बांधू नका, अशीच खांद्याला लावते. मावशी, येते हं. काळजी घ्या तुम्ही. तुम्ही तरी घ्या.

वहिनी : घेते. जिना जपून उतरा, थैल्या आहेत हातात.

भावोजी : गेली. वहिनी, काय बोलू मी? हयात गेली माझी थापा मारण्यात, पण माझ्या एकाही थापेवर गिऱ्हाईक असं थबकलं नाही. "दमलेली होती." माझ्या अंगावर काटा आला. आणि ते "शेवटची", ते तर कळस. असं करू, दर आठवड्याला येऊन बसा इथे. जुळी बहीण म्हणून. तुम्ही नुसतं बसायचं, बाकी मी...

वहिनी : मी थाप मारली नाही.

भावोजी : मला काय माहीत नाही का? आत कपाटात सहा पडल्यात. तुमच्याकडे कापलेलं कापड आहे.

वहिनी : कापड परत पाठवते. आणि त्या सहा काढा बाहेर, मी घरी नेते. एक भाजीला होईल, एकीत औषधं राहतील, बाकीच्या बघेन. त्या बाईला मी तोंडावर सांगितलंय, ही शेवटची. ते खरं व्हायला नको?

भावोजी : वहिनी, लोक इथे पिशव्यांसाठी येतात.

वहिनी : त्या रंग न कळणाऱ्याचे स्कार्फ विका.

भावोजी : तो नाहीये.

वहिनी : नाहीये म्हणजे? त्यालाही कै. करून टाकलंत?

भावोजी : तसा माणूसच नाही. ते कारखान्यातले आहेत. शंभराच्या गठ्ठ्यात येतात.

वहिनी : आणि कानातली?

भावोजी : घाऊक बाजार. वजनावर. ती लाकडी बटणंही. ते हातविणीचे मोजेसुद्धा मशीनचे आहेत. मी घरी बसून त्यांची एकेक टोकं उसवतो, म्हणजे हातचे वाटतात.

वहिनी : मग हाताचं काय आहे या दुकानात?

भावोजी : तुमच्या पिशव्या. एवढंच होतं. त्या एका खऱ्याच्या जिवावर बाकीचं सगळं खपत होतं. चार खोट्या गोष्टींत एक खरी असली की लोक पाचही घेतात.

वहिनी : हे आधी सांगितलं असतंत तर मी आणखी दोन वर्षं भरत बसले असते. बरं झालं नाही सांगितलंत.

भावोजी : आता सांगितलं. आता?

वहिनी : आता नाही भावोजी. आता खरंच होत नाही. रागावून म्हणत नाही मी. कपाचा कान धरवत नाही मला सकाळी, दोन हातांनी कप उचलते.

भावोजी : ...कधीपासून?

वहिनी : हे होते तेव्हापासून. रात्री तेल लावून चोळून द्यायचे.

भावोजी : दादा कधी बोलला नाही.

वहिनी : तुमच्यापुढे कोणाला बोलायला सापडतं.

भावोजी : मला वाटायचं, दादा गेला, त्यात पिशव्याही थांबल्या तर तुम्ही त्या खोलीत करणार काय दिवसभर. म्हणून कापड धाडत राहिलो. हातात काहीतरी असलेलं बरं, असं आपलं माझं डोकं.

वहिनी : मला विचारायचं होतंत.

भावोजी : विचारलं असतं तर तुम्ही खरं सांगितलं असतंत.

वहिनी : हं.

भावोजी : या सहा. ही सहावी, हिचा बंद अजून लावायचाय. ठेवा तिथेच, तुम्ही उचलू नका. मी पोचवतो घरी. आत्ता चलतो तुमच्याबरोबर.

वहिनी : आणि दुकान?

भावोजी : राहू दे बंद जरा वेळ. आज दुसरी कुठली गोष्ट सांगवणार नाही मला.

वहिनी : चला मग.

भावोजी : वहिनी, मधूनमधून येत जाऊ का मी? कामाचं काही नाही. असंच, बसायला.

वहिनी : या की. रिकाम्या हातानं या.