झाऱ्यावरचं नाव

(लोणार. सरकारी दवाखान्यातली खाट. तिच्यावर डोकं बांधलेले सर, शेजारी भजीवाला शाकिर आणि विद्यार्थिनी समीक्षा. दाराबाहेर हवालदार जबाब घ्यायला थांबलेला.)

सर : सात टाके माझ्या डोक्यात पडलेत, शाकिरभाई. तेव्हा मारलं कुणी, ते मी ठरवतो. तुम्ही मारलं.

शाकिर : ज्ञानेश्वर सर, मी त कढई धरून उभा होतो. उकळतं तेल सांडलं असतं त चार पोट्टे भाजले असते. मारायले तिसरा हात कुठून आणू?

सर : झाऱ्यावर तुमचं नाव कोरलंय. हवालदारांनी मोठ्यानं वाचलं.

शाकिर : नाव मायंच हाय. झारा सकाळी समीक्षानं मागून नेला होता.

समीक्षा : चाचा...

शाकिर : मले एकच सांगा सर. पोट्ट्यायच्या पाच गटाच्या पाच गाड्या, अन् पाचही भज्याच्याच, त्याबी माया गाडीच्या बाजूले. काऊन?

सर : मी इतिहासाचा माणूस. तास कमी भरले म्हणून कॉलेजनं उद्योजकता माझ्या गळ्यात घातली. मी म्हटलं, पंधरा दिवस खरा धंदा करा, नवी कल्पना काढा. यांनी गेल्या वर्षी पहिल्या आलेल्याची फाईल उतरवली. पाचही गटांनी.

समीक्षा : अन् त्यानं चाचाची गाडी पाहून लिहिली होती.

शाकिर : मंग प्रज्वलनं जीवनच्या प्लेटा नालीत फेकल्या. जीवननं त्याच्या तोंडावर घमेलं हाणलं. दोन दात बेसनात सापडले सर, मीच काढून दिले. अर्पिताचा हात मोडला. माया गाडीचं छप्पर उपटून त्याच छपरानं एकमेकाले झोडलं.

सर : पुस्तकात याला स्पर्धा म्हणतात. चौथा धडा.

शाकिर : वीस वर्सात कॉलेजच्या गेटवर कोणाचं नाक नाही फुटलं.

सर : ऐका. विद्यार्थ्याचं नाव आलं तर उद्योजकता केंद्र बंद होईल. तुमचं आलं तर बाहेरच्या इसमाचा हल्ला. फार तर तुम्हाला गेटवरून हटवतील.

शाकिर : फार तर! माया पोरीची, गुलनाजची शाळा, घरची चूल, सारं त्याच गेटवर हाय साहेब.

सर : समीक्षा, तू पाहिलंस. जबाब दे. प्रकल्पाचे शंभर गुण माझ्या हातात आहेत.

समीक्षा : प्रज्वल माह्या कढईवर धावून आला तवा मी डोळे मिटून झारा फिरवला. मधात तुम्ही आले. दुसऱ्यांदा फिरवला तवा डोळे उघडे होते.

सर : दुसऱ्यांदा?

समीक्षा : तुम्ही रक्त पुसत म्हणून राह्यले होते, फोटो काढा, अहवालाले लागतील.

शाकिर : चूप बस बेटा. मले सवय हाय, मी निपटतो.

समीक्षा : नाही चाचा. हवालदारसाहेब, अंदर या. लिहून घ्या. झारा चाचाचा, हात माहा.

सर : नापास होशील.

समीक्षा : हाव.

शाकिर : काय पोट्टी हाय! आता झारा ठाण्यात जमा होईल. उद्या तळू कशानं?

समीक्षा : मले सोडलं त घरून आणते. मायनं माह्या लग्नासाठी घेऊन ठेवलेला हाय. त्याच्यावर माह्यंच नाव कोरलं हाय.