खाली बघणारा गणपती

...आणि नेमका तोच उचलला हो! कारखान्यात एवढे गणपती रांगेनं बसलेत, पण बाईंचं बोट गेलं ते त्याच्यावरच! माझा होता हो तो!

म्हणजे कसं, तुम्हाला सांगते, आमच्या पेणला मी गणपतीच्या डोळ्यांची आखणी करते. मूर्ती किती उंच बसणार, माणसं कुठं बसणार, ते विचारून नजर लावायची, तेव्हा देव समोरच्याकडं बघतो. मी आखलेले डोळे विमानातून अमेरिकेला जातात, आणि मी? सहा आसनी रिक्षात ड्रायव्हरच्या बाजूला, अर्धी बाहेर! देश पळतोय म्हणतात... पळू दे! आमच्या कारखान्याच्या मालकाचे, नितेशशेठचे, तीन मजले झाले, माझा पगार तेवढा जागचा हलत नाय! दरवर्षी घरी बसवायला मला मिळतो तो न खपलेला, रंग विटलेला गणपती. यंदा म्हटलं, "शेठ, मी निवडीन तो द्यायचा." शेठ म्हणाला, "बघू." मी येडी, 'बघू' म्हणजे व्हय समजले! आणि मी निवडला त्याची नजर लावली अगदी खाली, कारण आमच्याकडं खुर्च्या कुठल्या? तो पत्र्याच्या पेटीवर, आम्ही सगळी भुईवर. काय गोड बघायचा हो माझ्याकडं!

त्यालाच वडखळच्या बंगल्यातल्या मॅडम चतुर्थीच्या आधीच घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी शेठचा आरडाओरडा, "अनिता! गणपती कुणाकडं बघतच नाय म्हणं, फरशीच बघतो! जा, डोळे वर कर!"

गेले. हॉल केवढा, सोफे केवढे, आमची अख्खी आळी झोपंल! मॅडम म्हणतात, "अहो, आम्ही सगळे इथे सोफ्यावर, आणि ह्याचं आपलं खालीच लक्ष!" असणारच, माझा होता हो तो! पण तोंडानं म्हटलं, "पुसले तर चेहरा बिघडंल. दुसरा घ्या, ह्याला मी नेते." तर मॅडम लगेच, "चालेल!"

उचलायला वाकले, तर पायाशी सोनी, वाडीवरची, फरशी पुसत बसलेली. हळूच म्हणते, "नको नेऊ गो ताई. या घरात माझ्याकडं बघणारा ह्यो एकटाच हाय."

आता तुम्हीच सांगा, काय करणार? घेतले हात मागं. म्हटलं, "मॅडम, राहू दे हाच. डोळे काय आता हलायचे नाय... तुम्हीच जरा खाली बसा."