पान चाळीस

कानाच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलेल्या मास्तरांचा डावा कान कामातून गेला होता; उजवा त्यांनी दुसऱ्यांच्या गप्पांसाठी राखून ठेवला होता. शेजारच्या बाकावर बस आगारातला मेकॅनिक बायकोसह बसला होता.

"अहो, तुमचे कान तर ठणठणीत आहेत."

"सत्तावीस वर्षं नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगितलं मी. आता विजेच्या बस येणार. त्या बोलतच नाहीत."

"मग सरकार शिकवेल की नवीन काम."

"राज्याचा आराखडा आलाय. बस किती, चार्जर कुठे, सगळं आहे त्यात. साहेबांना विचारलं, आमचं काय? म्हणाले, पान चाळीस बघ."

"काय आहे तिथं?"

"'जुन्या डिझेल यंत्रणेची विल्हेवाट.'"

"अगं बाई! म्हणजे घरी बसवणार?"

"मेडिकलमध्ये नापास झालेल्याला घरी पाठवत नाहीत. हलकं काम देतात, फाटकावर वगैरे."

"म्हणून कान तपासायला आलो होय आपण!"

"हळू बोल."

तेवढ्यात आतून डॉक्टरांचा बारीक आवाज आला, "पुढचे या."

मेकॅनिक चटकन उठला. बायकोनं बाही ओढून त्याला खाली बसवलं.

"बसा. तुम्हाला ऐकू आलेलं नाही."