ऐंशीच्या वरची शिट्टी

बादल : गाडी ऐंशीच्या वर गेली का शिट्टी! बारीक, सुईसारखी. डाव्या दरवाज्यातून निघते अन् सरळ डोक्शात घुसते. पाचव्यांदा सांगून राह्यलो चाचा, पाचव्यांदा!

मोहिउद्दीन : अन् मी पाचव्यांदा सांगतो, शिट्टी-गिट्टी काही नाही. परवा मी सोता केळापूरच्या फाट्यापर्यंत चक्कर मारली. गाडी पास केली. विषय खतम.

बादल : खतम कसा? काल रामसिंगच्या टपरीवर, दहा लोकं चहा पिऊन राह्यले होते, त्याइच्यासमोर मले काय म्हटलं तुम्ही? “सेवादासचा पोरगा झूठा हाय, काम झाल्यावर खोट काढते.” म्हटलं का नाही?

मोहिउद्दीन : म्हटलं. आजही म्हणतो.

फरहाना : अब्बा! गिऱ्हाईक आहे ते.

मोहिउद्दीन : तू मधात बोलू नको वं. या पोराचा बाप ट्रक घेऊन यायचा न, तं ट्रक चौकातच असे अन् मी इथून सांगो, मागच्या स्प्रिंगच्या कमानीचं तिसरं पातं तुटलं. तीस साल झाले. या कानाले आजपर्यंत कोणी झूठं नाही म्हटलं.

बादल : म्हणूनच तं गाडी इथं देल्ली! नाही तं नागपूर काय दूर हाय? हौसेनं हैदराबादवरून सेकंडह्यांड स्पोर्ट गाडी आणली. दोन सीट, जमिनीले टेकलेली. दिसाले झकास, पण आत बसलं का सारा रस्ता कानात. दिवसभर मी राजूरले खाणीवर डंपराइच्या कचाट्यात राह्यतो. घरी येतानी एक घंटा शांती पाह्यजे, एवढंच होतं माहं. याडीनं, माह्या मायनं, तं म्हटलं होतं, गाडी विकून टाक न लेका. मी म्हटलं, नाही, चाचाची फरहाना नागपूरवरून हे गाडीचा आवाज दाबाचं काम शिकून आली, करन ते.

फरहाना : अन् केलं बादलभाऊ. मन लावून केलं. सीटा काढल्या, गालीचा काढला, खालच्या सगळ्या पत्र्यावर काळी शीट चिकटवली, रोलर फिरवू फिरवू हाताचे फोड फुटले. त्याच्यावर फोम. चाकाच्या वरचा भाग केला, दरवाजे उघडून आतून केले. दरवाज्याले रबरही डबल लावलं. रस्त्याचा आवाज कमी झाला का नाही, इमानदारीनं सांगा.

बादल : झाला! कोण नाही म्हणते? रस्ता पूरा गप झाला. त्याच्यानंच तं शिट्टी समजून राह्यली. पहिले एवढा कालवा होता का शिट्टी काय, कोणी मागून बोंबललं तरी समजत नव्हतं.

मोहिउद्दीन : आता आला न मुद्द्यावर! मी पहिल्याच दिवशी सांगतलं होतं हिले. गाडीले गादी-रजई घालून राह्यली तू. आवाज म्हणजे गाडीची नाडी. नाडी झाकून ठेवसान तं बिमारी कशी समजन? पण आयकते कोण? नागपूरचं सर्टिफिकेट हाय न भिंतीवर.

फरहाना : त्याच सर्टिफिकेटवर कर्ज भेटून मागच्या महिन्यात या गॅरेजचं छप्पर झालं अब्बा. जाऊ द्या, तो विषय नाही. शिट्टी आहे का नाही, एवढाच विषय आहे.

मोहिउद्दीन : नाही.

बादल : हाय!

मोहिउद्दीन : नाही म्हणतो न बे!

बादल : बे-बे करू नका चाचा, मी काही आता ट्रकच्या खाली खेळणारा पोट्टा नाही. आज फैसला करा. नाही तं मी गाडी बसस्टँडच्या चौकात उभी करतो अन् काचावर लिहितो, काम फरहानाचं, पास मोहिउद्दीननं केली, अन् शिट्टी वाजते. सारं पांढरकवडा वाचन.

फरहाना : असं करसान तं माझं दुकान सुरू होण्याच्या पहिलेच बंद होईन भाऊ. माझी ही पहिली मोठी गाडी आहे. चार जण थांबून आहेत, बादलची गाडी पाहू, मग देऊ म्हणून.

बादल : मग पाहा न शिट्टी! मी कुठं भांडाले आलो?

फरहाना : चला अब्बा. दोघं चक्कर मारू. मी चालवते, तुम्ही डाव्या बाजूनं बसा. दरवाजा तुमच्याच कानाजवळ येईन.

मोहिउद्दीन : मी नाही बसत त्या डब्यात.

फरहाना : काहून?

मोहिउद्दीन : कब्रस्तानात बसल्यासारखं वाटते. तू जा एकटी.

बादल : पाह्यलं? भेव लागून राह्यलं यायले! खरं निघालं तं काय करा म्हणून.

मोहिउद्दीन : कोणाले भेव? दे तिले चावी! बस वं गाडीत. आज याले झूठा नाही ठरवला तं मी पाना धरनं सोडतो.

(गाडीत दोनच सीट, म्हणून बादल गॅरेजवरच राहतो. बाप-लेक केळापूरच्या रस्त्याला लागतात, आणि मोहिउद्दीन काच खाली करतो. फरहाना काही न बोलता ती आपल्या बटनानं वर घेते.)

फरहाना : काच खाली ठेवली तं काय समजन अब्बा? वाराच आयकू येईन.

मोहिउद्दीन : गरम होते.

फरहाना : एसी लावला आहे. बसा गुमान. साठ… सत्तर… आता ऐंशी. आयका.

मोहिउद्दीन : आयकून राह्यलो.

फरहाना : आहे! बादलभाऊ खरे आहेत. चांगली बारीक वाजून राह्यली. तुम्हाले येते का आयकू?

मोहिउद्दीन : येते.

फरहाना : येते? मग परवा?

मोहिउद्दीन : परवाही होती.

फरहाना : या अल्ला! परवा होती, तं गाडी पास कशी केली? टपावर टिचकी मारून चावी देल्ली तुम्ही त्यायच्या हातात! अन् वरून भर टपरीवर त्याले झूठा म्हटलं! माझ्या कामाची तुम्हाले एवढी चीड आहे का? जाऊ दे गिऱ्हाईकाजवळ खराब गाडी, होऊ दे पोरीची बेइज्जती, म्हणजे चूपचाप घरी बसन, असंच न?

मोहिउद्दीन : तोंड सांभाळून बोल.

फरहाना : मग काय समजू मी? सांगा न!

मोहिउद्दीन : गाडी चालव. ते शिट्टी कुठून येते ते पाह्य पहिले.

फरहाना : थांबते इथंच. तुम्ही उतरू नका, आतच बसा. दरवाजा अन् आरशाच्या मधात फट राहिली असन. बाहेरून टेप लावते, मग समजते. डबल रबर लावलं, त्याच्यानं दरवाजा पूरा बसत नसन. माझीच चूक असन, मी कुठं नाही म्हणते? पण तुम्ही सांगाले पाह्यजे होतं. तुम्हाले सांगाले पाह्यजे होतं अब्बा!… झालं. चला. साठ. सत्तर. ऐंशी. पंच्याऐंशी. वा! पाहा, तिथूनच होती. थांबली.

मोहिउद्दीन : कुठी थांबली?

फरहाना : थांबली न. आता काहीच नाही.

मोहिउद्दीन : मले शिकवू नको. चालूच हाय.

फरहाना : कोणत्या बाजूनं?

मोहिउद्दीन : साऱ्याच बाजूनं. टेप नीट नाही लागली तुही. काम कराचं तं नीट करा, नाही तं करू नका. बापाले झूठं पाडाची घाई झाली तुले.

फरहाना : थांबा. बाजूले घेते. आता गाडी उभी आहे. आता?

मोहिउद्दीन : चालू हाय.

फरहाना : अब्बा, मी इंजिनही बंद केलं. चावी माझ्या हातात आहे. पाहा.

(मोहिउद्दीन चावी पाहतो आणि तोंड खिडकीकडे वळवतो.)

फरहाना : अब्बा?

मोहिउद्दीन : समजलं न? झालं समाधान? चाल आता घरी.

फरहाना : किती दिवस झाले?

मोहिउद्दीन : दोन साल. पहिले रातचीच यायची. आता दिवसाही राह्यते.

फरहाना : म्हणून थंडीतही पंखा फुल करून झोपता? अम्मी बिचारी रजई घेऊन बाहेरच्या खोलीत गेली, म्हणते तुह्या बापाले म्हातारचळ लागला. अन् तुम्ही एका शब्दानं बोलले नाही?

मोहिउद्दीन : कोणाले बोलू? गॅरेजवरच्या पाटीले? मोहिउद्दीन कानानं गाडी तपासते, याच्यावर घर चाललं आपलं. ज्याच्या कानातच शिट्टी, त्याच्याजवळ कोण गाडी आणन?

फरहाना : मग परवा…

मोहिउद्दीन : परवा आयकली मी. चांगली आयकली. मले वाटलं माही हाय ते.

फरहाना : या अल्ला.

मोहिउद्दीन : आता त्याची कोणती अन् माही कोणती, हे मी कसं ओळखू? काल तो टपरीवर शिट्टी-शिट्टी करत आला, तं माहं रगतच आटलं. वाटलं, याले समजलं. माह्या कानातलं याले समजलं. अन् मी वसकलो त्याच्यावर.

फरहाना : अन् चार दिवस माझ्यावर. सारं काम होईपर्यंत एक दिवस असा नाही का तुम्ही टोमणा मारला नाही. शीटचा रोल लाथेनं उडवला होता तुम्ही! मी रडली होती त्या दिवशी, मालूम आहे?

मोहिउद्दीन : मालूम हाय. बाकीच्या गाड्यात बरं राह्यते. रस्ता गरजते, पत्रा वाजते, त्याच्यात दबून जाते ते. तू असं काम केलं का तिच्यावर पांघरायले काहीच ठेवलं नाही. या गाडीत मी अन् ते, दोघंच.

फरहाना : यवतमाळले कानाच्या डॉक्टरकडे जाऊ. उद्याच. मी घेऊन जाते.

मोहिउद्दीन : खबरदार कोणाजवळ बोलशीन तं. बादलजवळ तं बिलकुल नाही.

फरहाना : नाही बोलत. मी पाहून घेते त्याचं. तुम्ही फक्त गप राहा. राहासान न?… आलं गॅरेज. गेटातच उभे आहेत बादलभाऊ. उतरा, अन् काही बोलू नका.

बादल : काय मग? हाय का नाही?

फरहाना : आहे भाऊ. चूक माझी. दरवाज्याले डबल रबर लावलं, त्याच्यानं फट राहिली अन् वारा शिट्टी मारते. उद्या बदलून देते. अब्बांनी बसल्याबरोबर पकडली.

बादल : बसल्याबरोबर पकडली?

फरहाना : हो. यायचा कान आहे तो.

बादल : वा चाचा! म्हणजे परवाही पकडलीच असन न तुम्ही? कान तं तेच होते परवाही.

फरहाना : तसं नाही भाऊ…

बादल : तसंच हाय! पोरीची चूक दिसली तुम्हाले, अन् ते झाकासाठी मले झूठा ठरवलं. दहा लोकाइत! अरे, माहा बाप मरेपर्यंत म्हणे, मोहिउद्दीननं हाव म्हटलं तं डोळे मिटून घाटात गाडी टाक. अन् तुम्ही जाणूनबुजून खोट असलेली गाडी पास केली? मले शिट्टीचं काहीच नाही हो. मले याचा राग येऊन राह्यला!

फरहाना : बादलभाऊ, बस करा. सांगतलं न, चूक माझी आहे.

बादल : तुही चूक रबराची. यायची चूक जबानीची. मेकॅनिक बेईमान निघाला तं त्याचा कान घेऊन काय चाटाचा हाय?

मोहिउद्दीन : बेईमान म्हणू नको.

फरहाना : अब्बा, गप राहा म्हटलं होतं मी.

मोहिउद्दीन : तू गप राह्य! कान गेला तं गेला, तो अल्लाचा होता. जबान माही हाय. पोरगी खोटं बोलून राह्यली बादल. मीनं काही पकडली नाही. माह्या कानात दोन सालापासून शिट्टी वाजून राह्यली. दिवस-रात. परवा तुही आयकली, अन् मले वाटलं माहीच हाय. म्हणून पास केली. झाकाझाकी केली ते माही, पोरीची नाही.

बादल : चाचा!

मोहिउद्दीन : असं पाहू नको माह्याकडे. कीव करशीन तं पाना फेकून मारीन.

बादल : कीव नाही हो. मी… च्यामारी, मी बेईमान म्हटलं तुम्हाले.

मोहिउद्दीन : अन् मी तुले झूठा. चाल टपरीवर. जे लोकं काल होते ते आताही असतीन तिथं. जिथं म्हटलं तिथंच वापस घेतो.

बादल : जाऊ द्या चाचा. मी कोणाले सांगत नाही. खाणीवर आमच्याकडे ड्रिलवाल्या साऱ्याच लोकाइचं हेच हाय. कोणी बोलत नाही एवढंच.

मोहिउद्दीन : मी बोलतो. अन् तिथंच सांगतो, आजपासून गाड्या फरहाना तपासन. टपावर टिचकी तिची.

फरहाना : मी एकटी?

मोहिउद्दीन : मंग काय बँड लावू? इंजिन बंद केल्यावर शिट्टी कोणाची ते समजलं न तुले? बस झालं तेवढं.

बादल : बरं, रबर बदललं का एक तरी चक्कर मारा माह्यासोबत. तपासाले नाही, असेच. लय शांत केली हो पोरीनं गाडी, काहीच आवाज येत नाही.

मोहिउद्दीन : नाही रे बावा. तुह्या गाडीत मले लय आवाज येते.